धुण्याच्या मशीनची चौकशी

आम्ही पेठकडच्या एका पाड्यावरून नाशकात आलो तेव्हा मी चौथीत होते. पाड्यावर नागली आणि वरई पिकायची, ती होळीपर्यंत पुरायची, पुढे मजुरी. नाशकात वडील द्राक्षबागेत कामाला लागले. तिसऱ्या हंगामात क्रेट उचलताना त्यांच्या पाठीत काहीतरी सरकलं आणि ते जे बसले ते बसलेच. घर आईवर आलं. आनंदवलीत पत्र्याची एक खोली, सकाळी अर्धा तास येणारं नळाचं पाणी आणि गंगापूर रोडवरच्या चार घरांची धुणीभांडी. सोड्यानं आईच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. भाकरी थापली की त्या भेगांत पीठ भरायचं. भाकरी तव्यावर टाकून ती आधी काडीनं पीठ काढत बसायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करतात.

आमच्यात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बारावी सायन्स केलं आणि बी.एस्सी.ला, फिजिक्सला गेले. हे मुद्दाम सांगते. मला त्याचा गर्व होता, अजून आहे, आणि पुढे जे झालं ते त्या गर्वानंच झालं.

चार घरांतलं सगळ्यात मोठं धुणं साहेबांकडचं. साहेब म्हणजे एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभी नोकरी आस्थापना शाखेत गेलेली. म्हणजे कोण कधी रुजू झाला, कुणाची बदली कुठे झाली, कुणाला नोटीस गेली, कोण कधी घरी बसला, हे लिहिणं हेच काम. निवृत्त झाल्यावर लिहायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी घरातल्या वस्तूंना धरलं. मिक्सर, इस्त्री, फ्रीज, टीव्ही, गिझर, प्रत्येकाचं सेवापुस्तक होतं. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही, वर तांबड्या शाईत नाव.

मी आईबरोबर सुट्टीच्या दिवशी जायची, तेव्हा त्या वह्या चोरून वाचायची. मिक्सरच्या वहीत पहिल्याच पानावर होतं, "स्वभाव: तापट. सलग काम दिल्यास वास सोडतो." जुना टीव्ही हॉलमधून आतल्या खोलीत नेला होता, तर नोंद होती, "प्रशासकीय कारणास्तव बदली." एकदा इस्त्रीनं साहेबांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, साडी जाळली. साहेबांनी इस्त्रीला कारणे दाखवा नोटीस काढली. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, तिला कसली नोटीस काढताय? फोन आला म्हणून मीच विसरले!" साहेबांनी शांतपणे नोटीस खोडली आणि खाली लिहिलं, "चौकशीअंती निर्दोष."

हॉलमधला पंखा अठ्ठावीस वर्षांनी थांबला तेव्हा त्याला उतरवून, पुसून, नारळ देऊन निरोप दिला होता. भंगारवाला दारात उभा. साहेबांनी त्याच्या हातात पंखा दिला आणि वर सेवापुस्तक ठेवलं. तो म्हणाला, "साहेब, वही पण किलोवर का?"

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे. पण त्या घरात राहणाऱ्याला त्याचा जाच होता. कारण साहेबांचा एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. चौकशी झाल्याशिवाय कुणालाही घरी बसवायचं नाही. वस्तू कशानं बिघडली हे कळलं पाहिजे. कळलं की मग दुरुस्त करा, टाका, काय वाटेल ते करा. पण कळल्याशिवाय नवी वस्तू घरात यायची नाही. काकू म्हणायच्या, "मी बंद पडले तर मलाही पाटावर बसवून आधी कारण शोधतील."

मी आईबरोबर जायला लागले तेव्हा त्यांच्याकडे समोरून दार उघडणारं वॉशिंग मशीन होतं, नऊ-दहा वर्षं जुनं. स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत. त्या मशीनमुळे आईकडे फक्त भांडी होती. मी बारावीला असताना ते बिघडलं. पाणी भरायला लागायचं, भरतच राहायचं, आतला ड्रम मात्र कोरडा. शेवटी लाल दिवा लागून टूं टूं करत थांबायचं. काकू आईला म्हणाल्या, "मावशी, हे दुरुस्त होईपर्यंत धुणं तुम्ही करा." धुण्याचे वेगळे पैसे मिळायला लागले आणि नेमके तेच माझ्या कॉलेजला लागले.

दुरुस्त होईपर्यंत म्हणजे दोन वर्षं.

कारण तो बिघाड साधा नव्हता. मेकॅनिक यायचा तेव्हा मशीन सुरळीत चालायचं. तो गेला की दोन दिवसांनी पुन्हा टूं टूं. मेकॅनिकनं एकदा पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला, एकदा आतलं कार्ड काढून पुसलं. चौथ्यांदा आला तेव्हा साहेबांनी त्याला दारातच धरलं.

"तू जाताना काहीतरी ढिलं करून जातोस."

"साहेब, तिसरा मजला, लिफ्ट नाय. मला काय हौस हाय का इथं चढायची?"

"मग तू गेल्यावरच का बिघडतं?"

"ते त्यालाच विचारा. तुमच्या नोकरीत हाय ना ते!"

तो पाना पिशवीत टाकून उतरून गेला आणि पुन्हा आला नाही. साहेबांनी सेवापुस्तकात लिहिलं, "मेकॅनिक संशयास्पद." मग स्वतः चौकशी सुरू केली. बाल्कनीत स्टूल टाकून, मांडीवर वही घेऊन बसायचे. गुडघे वाकत नसत, त्यामुळे मशीनच्या मागे काय आहे ते त्यांना कधी दिसलंच नाही. समोरून बघायचे आणि लिहायचे. सोमवारी बिघडतं का, व्होल्टेज कमी असताना बिघडतं का, टाकीत बोअरचं पाणी असलं तर बिघडतं का. पुण्याची मुलगी फोनवर वैतागायची. "बाबा, आता कुणी रिपेअर करत नाही. मी दुकानात सांगून नवीन पाठवते, जुनं तेच लोक घेऊन जातील." साहेब म्हणायचे, "कशानं बिघडलं ते सांग, आत्ता पाठव."

आमच्या घरी या चौकशीवर सगळं टांगलेलं होतं. नवीन मशीन आलं तर धुणं जाणार. जुनं दुरुस्त झालं तरी जाणार. आई म्हणायची, "साहेबांची चौकशी चालू हाय तवर आपलं धुणं चालू हाय." वडील पडल्या पडल्या विचारायचे, "काय गं, लागला का तपास?" आई म्हणायची, "नाय. देवाची कृपा."

आता मी चाळिशीकडे आले आहे. मागच्या महिन्यात माझंच मशीन बंद पडलं. कंपनीचा माणूस आला, झाकण न उघडता म्हणाला, "मॅडम, पार्ट येत नाही. एक्स्चेंजमध्ये टाका." मी विचारलं, झालंय काय त्याला? तो माझ्याकडे असं बघायला लागला, जसं काही मी त्याची जात विचारली. मी फार ताणलं नाही. शाळेचे पेपर तपासायचे होते, धुणं तीन दिवसांचं साचलं होतं. नवीन घेतलं. जुनं दोन माणसांनी जिन्यावरून खाली नेलं आणि ते कशानं बंद पडलं हे मला कधीच कळणार नाही. साहेबांना हे आवडलं नसतं. पण साहेबांना वेळ होता, आणि त्यांचे कपडे माझी आई धूत होती.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, गुढीपाडव्याआधीची गोष्ट. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांच्या खोळी, सगळं काढलं होतं. मी मदतीला गेले. आई बाल्कनीतल्या मोरीत पडदे घासत होती, मी पिळत होते. साहेब स्टुलावर. मशीन प्रयोगासाठी लावलेलं.

"काय कॉलेज," ते मला कायम कॉलेजच म्हणायचे, "एवढं फिजिक्स शिकता तुम्ही. हे सांगा बघू. पाणी आत जातंय, मीटर फिरतंय, आवाज येतोय. मग जातं कुठं?"

"मला नाही माहीत, साहेब."

"मग शिकवतात काय? मार्कं कशाची देतात?"

ते चेष्टेनं म्हणाले. पण मला लागलं. मी पडदा दोरीवर टाकायला उठले आणि मशीनच्या मागे वाकून बघितलं. पाणी बाहेर सोडणारी नळी जमिनीवर पडलेली होती, तोंड मोरीच्या जाळीत. वर भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर तिचा हुक होता, रिकामा. मला एका क्षणात कळलं. नळीचं तोंड ड्रमच्या खाली, मग पाणी आत थांबेलच कशाला? जेवढं येतंय तेवढं आपसूक खाली वाहून जातंय. पहिल्या वर्षाला आम्ही हेच शिकलो होतो.

आता खरं लिहिते. मला माहीत होतं की हे बोललं की धुणं जाणार. तिसऱ्या वर्षाची फी भरायची होती, तेही माहीत होतं. मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. मला वाटलं ती म्हणते आहे, काम कर, बोलत बसू नको. आणि समोर साहेब चष्म्यावरून हसत होते.

मी म्हणाले, "साहेब, मशीन चांगलं आहे. नळी वर लावा."

मी नळी हुकात बसवली, मशीन पुन्हा सुरू केलं. काचेमागे पाणी चढलं, ड्रम फिरायला लागला. साहेब गुडघे विसरून उभे राहिले. "वा, कॉलेज!" म्हणाले. काकू हात पुसत आल्या. मी अशी उभी होते की जणू मशीन मीच बनवलंय.

मग साहेबांनी हुक हातानं ओढून बघितला. पुन्हा बघितला. "घट्ट आहे," ते म्हणाले. "मेकॅनिकनं चारही वेळा नीट बसवला असणार. नळी आपोआप निघत नाही. मग काढतं कोण?"

 मशीनचाच आवाज. आई ओला पडदा तसाच हातात धरून उभी राहिली.

"म्या काढायची," ती म्हणाली. "मेकॅनिक यायचा असला की पुन्हा लावायची."

 नळी चुकून निसटली असेल असंच मी धरून चालले होते. दोन वर्षं आई ती मुद्दाम खाली टाकत होती, हे मला माहीत नव्हतं. घरी तिनं एक शब्द काढला नव्हता.

काकूंचा चेहरा लाल झाला. "मावशी! अहो, ही चोरीच झाली!"

"चोरी हा शब्द वापरायचा नाही," साहेब म्हणाले. "आपलं काय गेलं?"

"पाणी गेलं की! आणि तुमची दोन वर्षं गेली त्या स्टुलावर!"

"ती माझी होती." साहेबांनी वही मिटली. "उद्या सकाळी दहा वाजता चौकशी. मावशी, तुम्हाला एक दिवस देतो. बाजू मांडायला वेळ मिळाला पाहिजे. सोबत मदतनीस आणायचा तुम्हाला हक्क आहे."

घरी जाताना मी रडत होते. आई म्हणाली, "रडती कशाला? तू खरं बोललीस. मला पण कंटाळा आलता त्या नळीवर रोज नजर ठिवायचा." मग बरंच चालल्यावर म्हणाली, "पण मी मान हलवली होती ना गं?" तेवढंच. त्याच्यावर ती आजतागायत काही बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही गेलो. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची मांडून ठेवली होती. सहा वर्षांत आई त्या घरात खुर्चीवर कधी बसली नव्हती. ती कडेला टेकली, पडायच्या बेतात. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आईची मदतनीस आणि जबाब लिहून घेणारीही मीच, कारण आईला लिहिता येत नव्हतं आणि साहेबांना स्वतःच्या हातानं लिहिणं पक्षपाती वाटत होतं. काकू दारात हाताची घडी घालून.

"नळी पहिल्यांदा कधी काढली?"

"पहिल्यांदा नाय काढली. मोरी घासताना निघाली. मशीन बंद पडलं. तुम्ही म्हनले, धुणं करा. मग माझ्या ध्यानात आलं."

"चूक आहे हे कळत होतं?"

"कळत होतं."

"मग का केलंत?"

"पोरीला कॉलेज होतं."

"आम्हाला सरळ मागायचं. दिले नसते का आम्ही?"

आई पहिल्यांदा ताठ बसली. "मागायला मी भिकारी नाय, साहेब. मी कपडे धुतले. एक दिवस डाग ठेवला असंल तर काकूंनी सांगावं."

 काकू हळूच म्हणाल्या, "धुणं चांगलं होतं. ते नाही म्हणत मी."

"आणखी काही सांगायचंय?" साहेबांनी विचारलं.

"मशीन चांगलं हाय. त्याला फेकू नका. त्याचा दोष नाय."

मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. आईनं अंगठा उठवला. साहेबांनी जबाब दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला. मग निर्णय सांगितला. मशीन निर्दोष, सेवेत कायम. मेकॅनिकला आजच माफीचं पत्र. राहिली आई.

"मशीन चालू आहे, तेव्हा धुण्याला माणूस लागत नाही, हे उघड आहे," ते म्हणाले. "पण कॉलेजचं एक वर्ष उरलंय. तोवर मशीन बंद ठेवू. तुम्ही धुणं करा."

मला सुटल्यासारखं झालं. मी आईकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती.

"चालतं मशीन बंद ठिवून मला काम देनार? ते नगं साहेब. बंद होतं तवर मी कष्टाचं घेतलं. आता ते दानाचं होईल." आणि मग, "भांडीही राहू द्या. काकूंना मला बघून रोज आठवंल."

साहेब उठले. मग कपाटातून लेटरहेड काढलं, निवृत्तीनंतर स्वतःच छापून घेतलेलं, आणि लिहायला बसले. तो दाखला माझ्याकडे अजून आहे. त्यात लिहिलं आहे:

"दाखला देण्यात येतो की, सदर महिला माझ्या घरी सहा वर्षे कामास होत्या. काम स्वच्छ व वेळेवर. गैरहजेरी नगण्य. यंत्राचे निरीक्षण उत्तम. वॉशिंग मशीनमधील जो दोष मला व मेकॅनिकला दोन वर्षे सापडला नाही, तो त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. सदर दोष त्यांनी स्वतःच उत्पन्न केला होता, हेही नमूद करणे आवश्यक आहे. विचारताक्षणी त्यांनी कबूल केले."

मी वाचून म्हणाले, "साहेब, ते शेवटचं काढा ना. असा दाखला कुणाला दाखवणार?"

"अर्धा दाखला मी कुणाला दिला नाही," ते म्हणाले आणि खाली शिक्का मारला.

ते दयाळू होते असं मी म्हणणार नाही. दयाळू माणसानं ते वाक्य गाळलं असतं. पण माझ्या आईला कुणीतरी कागद देण्याच्या लायकीची समजलं ते त्यांनीच. तिच्या बाकीच्या तीन घरांत तिचं आडनावही कुणाला माहीत नव्हतं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. तीन घरांत भागेना. मी सातवी-आठवीच्या पोरांच्या शिकवण्या धरल्या. फीची तारीख जवळ आली. माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडून कळलं की गंगापूर रोडलाच मुलींच्या एका वसतिगृहात कपड्यांसाठी बाई हवी आहे. आई म्हणाली, दाखला घे. मी म्हणाले, नको. ती म्हणाली, "साहेबांनी शिक्का मारलाय. त्याला काय अर्थ नाय का?"

वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी तो कागद उभ्यानंच वाचला. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की त्या हसताहेत. मी तोंड फिरवून भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागले. 

"म्हणजे नळी कुठं असावी ते तुम्हाला कळतं," त्या आईला म्हणाल्या.

"कळतं बाई. खाली कधी टाकायची, ते पण."

"टाकायची नाही."

"नाय टाकनार. इथं काम हाय ना."

"आमच्याकडे तीन मशीनं आहेत, आणि दर आठवड्याला एक बंद. उद्यापासून या."

आई तिथे नऊ वर्षं होती, महिन्याच्या पगारावर आणि रविवारच्या सुट्टीसकट. पहिल्या पगारातून माझी फी भरली गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली.